शेवटच्या कडव्यातले नाव : मराठी शाहिराच्या पोटापाण्याचा इतिहास

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शाहिराला कवींच्या रांगेत शेवटची जागा मिळाली आणि संगीताच्या इतिहासात त्याहूनही मागची, याचे एक कारण असे की तो या दोन्हींपैकी कोणत्याच रांगेत पुरता बसत नाही. 'शाहीर' हा शब्द कवी या अर्थाच्या अरबी 'शाइर' शब्दापासून आला असला, तरी मराठी मुलखात त्याचा अर्थ बराच रुंदावला. शाहीर गाणे रचतो, त्याला चाल देतो, डफावर थाप मारून स्वतः गातो, मागे उभे राहून धृपद उचलणारे झीलकरी आणि तुणतुणेवाला जमवतो आणि या सगळ्यांच्या पोटाची काळजीही वाहतो. म्हणून शाहिरीचा विचार केवळ काव्यप्रकार म्हणून करून भागत नाही. तो एक धंदा होता, आणि त्या धंद्यात पैसा कोणाच्या हातून येतो यावर गाण्याचा विषय, त्याची लांबी, त्याची भाषा आणि गाणाऱ्याची समाजातली जागा या चारही गोष्टी ठरत आल्या.

या धंद्याची एक खूण मात्र आश्रयदाते बदलले तरी टिकून राहिली, ती म्हणजे नाममुद्रा. रचनेच्या अखेरच्या कडव्यात रचणाऱ्याने आपले नाव गुंफायचे, पुष्कळदा गाव, गुरू आणि साथीदार यांचीही नावे घालायची, अशी ही रीत आहे. संतांच्या अभंगातही ती आढळते. पण अभंगातले नाव देवापुढे दिलेली साक्ष असते, तर शाहिराच्या गाण्यातले नाव माणसांपुढे सांगितलेला हक्क असतो. गाणे तोंडोतोंडी पसरत असे, एका फडाची लावणी दुसरा फड उचलत असे, आणि छापील कागद किंवा कायदा यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या कारागिराला आपल्या मालावर शिक्का मारण्याचा हाच एक उपाय होता.

आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांपैकी सर्वांत जुन्यांत अफझलखानाच्या वधावरील पोवाडा गणला जातो. 1659 मधील त्या घटनेवर तो अज्ञानदास, म्हणजेच अगिनदास, या शाहिराने रचला. पोवाडा म्हणजे पराक्रमाचे किंवा एखाद्या मोठ्या घटनेचे दीर्घ, निवेदनपर गायन. त्यात गद्याजवळ जाणारी धावती लय असते आणि मध्येमध्ये झीलकऱ्यांचा 'जी जी' असा दुजोरा येतो. या पोवाड्यात शिवाजी महाराजांच्या पराक्रमाबरोबर शाहिराला मिळालेल्या बक्षिसाचाही उल्लेख आहे: घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा. इतिहासकाराला हा तपशील किरकोळ वाटेल, परंतु धंद्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण मोबदल्याची नोंद गाण्याच्या आतच ठेवण्याची प्रथा त्यातून दिसते. ते बक्षीस ऐकणाऱ्या पुढच्या प्रत्येक सरदाराला आपण काय द्यायला हवे याचा अंदाज आपोआप मिळत असे. सिंहगडाच्या लढाईवर तुळशीदासाने रचलेला तानाजीचा पोवाडाही याच परंपरेतला आहे. हे गायन पुढे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवण्यात गोंधळी समाजाचा वाटा फार मोठा होता. देवीच्या नावाने गोंधळ घालण्याचे, म्हणजे संबळाच्या साथीवर रात्रभर गाऊन देवीचे स्तवन आणि आख्यान करण्याचे काम हा समाज वंशपरंपरेने करीत असे आणि त्याच रात्री ऐतिहासिक पोवाडेही ऐकवीत असे.

उत्तर पेशवाईत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 1818 पर्यंतच्या काळात, शाहिरी सर्वांत भरभराटीला आली. या काळातील सहा नावे नेहमी एकत्र घेतली जातात: राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर आणि परशराम. त्यांच्या जाती आणि व्यवसाय शेजारी शेजारी मांडून पाहिले, तर शाहिरीच्या फडावर किती वेगवेगळ्या थरांतली माणसे उभी होती हे ध्यानात येते. सोलापूरचे राम जोशी, संगमनेरचे अनंत फंदी आणि प्रभाकर दातार हे ब्राह्मण होते. होनाजी हा दूधदुभत्याचा व्यवसाय करणाऱ्या गवळी घराण्यातला होता. त्याचा जोडीदार बाळा करंजकर आणि सिन्नरजवळच्या वावी गावचा परशराम हे दोघे शिंपी होते. आणि सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार, म्हणजे तलवारी-सुऱ्यांना धार लावणाऱ्या कारागिरांपैकी होता. लेखणी, कात्री, दुधाची चरवी आणि सहाण अशी चार वेगळी हत्यारे ज्यांच्या घरात होती, ती माणसे एकाच रसिकवर्गासाठी एकाच घाटाची गाणी रचीत होती.

'होनाजी बाळा' हे नाव या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. ते एका माणसाचे नाव नव्हे. रचणारा होनाजी आणि गोड गळ्याने गाणारा बाळा यांच्या भागीदारीचे ते नाव आहे, आणि त्यांच्या मुद्रेतही ही दोन्ही नावे एकत्र येतात. रचना आणि गळा यांचे मोल सारखेच मानून दोघांनाही शेवटच्या कडव्यात जागा देणारी अशी उदाहरणे पुढच्या काळात विरळाच आढळतात.

या शाहिरांच्या मिळकतीचे मार्ग अनेक होते. पेशव्यांच्या दरबारातून आणि सरदारांकडून बिदागी मिळे. बिदागी म्हणजे कार्यक्रम झाल्यावर निरोपाच्या वेळी दिलेली रक्कम किंवा वस्त्रे. होनाजीसारख्या काहींना दरसाल ठराविक रकमेचे वर्षासनही होते. याशिवाय कलगी-तुऱ्याचे सामने भरत. तुरेवाले पुरुषाचा, म्हणजे शिवाचा पक्ष घेत आणि कलगीवाले प्रकृतीचा, म्हणजे शक्तीचा. एकाने अध्यात्माचे कोडे घालायचे आणि दुसऱ्याने ते तिथल्या तिथे कवनातून सोडवायचे, अशी रात्रभर चालणारी ही सवालजवाबाची झुंज असे. तिच्यात हरणे म्हणजे नाव गमावणे, आणि नाव गमावणे म्हणजे पुढचे आमंत्रण गमावणे. शाहिरी रचनांमधली शब्दचमत्कृती, यमकांची गर्दी आणि पुराणांचे दाखले हे पांडित्याचे प्रदर्शन असले, तरी त्यामागे बाजारातली चुरसही होती.

या धंद्याला प्रतिष्ठा मात्र कधीच पुरेशी मिळाली नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शृंगारिक लावणीला जेवढी मागणी होती तेवढीच तिच्याबद्दल कुजबुजही होती. अनंत फंदीला अहिल्याबाई होळकरांनी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. राम जोशीही उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले. या कथांचा अर्थ वैराग्य असा लावला जातो, पण त्यांत दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. कीर्तनकाराला जो मान मिळे तो तमासगिराला मिळत नसे, आणि ब्राह्मण शाहिराला फडावरून उतरून कीर्तनाच्या गादीवर जाण्याची वाट मोकळी होती. शिकलगाराला आणि शिंप्याला ती सहजासहजी मोकळी नव्हती.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि तिच्याबरोबर दरबारी आश्रयही आटला. बडोद्यासारखी काही संस्थाने उरली, पण पुण्यातली मागणी संपली. शाहिरांची गाणी यानंतर दोन ठिकाणी जगली: गोंधळ्यांच्या आणि तमासगिरांच्या तोंडी, आणि हाताने लिहिलेल्या बाडांत. त्यांना छापील रूप मिळायला बराच काळ जावा लागला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बुथनॉट अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 मध्ये 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह प्रसिद्ध केला. संपादकांना कर्ता ठरवताना मुख्य आधार शेवटच्या कडव्यातल्या नावाचाच होता. अनोळखी माणसाने चाल चोरू नये म्हणून मारलेला शिक्का आता वाङ्मयाच्या इतिहासाचा पुरावा बनला.

या संग्रहाच्या आधीच पोवाड्याचा उपयोग अगदी वेगळ्या हेतूनेही होऊ लागला होता. जोतीराव फुले यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला. दरबारात बिदागी मिळवण्यासाठी रचलेला पोवाडा आणि शूद्रातिशूद्रांना त्यांचा इतिहास सांगण्यासाठी रचलेला पोवाडा यांचा घाट एकच असला, तरी श्रोता बदलला होता आणि त्याबरोबर रचणाऱ्याचे कामही. 1873 मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाल्यानंतर या विचारांच्या प्रसारासाठी सत्यशोधकी जलसे उभे राहिले. जलशाने तमाशाचा साचा उचलला आणि आतला माल बदलला. तमाशात आरंभी गण, म्हणजे गणपतीला वंदन; मग गवळण, म्हणजे कृष्ण आणि गौळणींचा खेळकर प्रवेश; त्यानंतर लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे कथानक असलेले नाट्य असा क्रम असे. जलसेकऱ्यांनी त्या जागी सृष्टिकर्त्याचे वंदन, भटशाहीवरची टीका, सावकारीची आणि शिक्षणाची गाणी घातली. जलशातले बहुतेक कलावंत दिवसा शेती किंवा मजुरी करणारे होते आणि गाण्यापासून त्यांना मिळकतीची अपेक्षा फारशी नव्हती.

धंदेवाईक तमाशा याच काळात शहराकडे सरकला. पोटासाठी मुंबईत आलेला घाटावरचा मजूर हा त्याचा नवा आश्रयदाता होता, आणि एका सरदाराच्या बिदागीची जागा शेकडो प्रेक्षकांच्या तिकिटाने घेतली. या युगातले सर्वांत मोठे नाव पठ्ठे बापूराव यांचे. त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म 1866 मध्ये वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. घरात कुलकर्णी वतन असताना, दप्तर सोडून महारा-मांगांच्या फडात जाऊन लावण्या रचणाऱ्या या ब्राह्मणाला जातीने आणि नात्यागोत्याने दूर लोटले. त्यांच्या लावण्यांना लोकप्रियता मिळाली त्यात पवळा या गायिका-नर्तकीचा वाटा फार मोठा होता. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथील ही महार स्त्री नामचंद, म्हणजे नावाजलेली, अशा विशेषणासह ओळखली जाई. 'मिठाराणी'सारखे वग पाहायला लोक येत ते बापूरावांचे शब्द ऐकायला आणि पवळाला पाहायला. पण लावणीच्या अखेरीस मुद्रा पडे ती एकट्या पठ्ठे बापूरावांची. होनाजीच्या शेजारी बाळाला जी जागा मिळाली होती, ती पवळाला मिळाली नाही. तमाशाच्या इतिहासात ज्यांच्या गळ्यावर आणि पायांवर फड चालले, त्या स्त्रियांच्या बाबतीत हेच पुन्हा पुन्हा घडले.

या फडांचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय या जीवनाचा उलगडा होत नाही. फडमालक हंगामाच्या आरंभी कलावंतांना उचल देई. उचल म्हणजे पुढच्या कामापोटी आगाऊ घेतलेली रक्कम. दसऱ्याच्या सुमारास सुरू होणारा हंगाम उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत चाले, आणि पावसाळ्याचे महिने त्या उचलीवर किंवा कर्जावर काढावे लागत. गावकरी जत्रेसाठी तमाशा ठरवीत त्याला सुपारी देणे म्हणत. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि आसपासच्या जिल्ह्यांतले पंच तेथे येऊन सुपाऱ्या ठरवतात. खेळ चालू असताना प्रेक्षक खुशीने पैसे देत त्याला दौलतजादा म्हणत. या व्यवस्थेत पैसा रोज दिसे पण साठत नसे. उचल फिटण्याआधीच नवी घ्यावी लागे. पठ्ठे बापूरावांनी वैभव पाहिले आणि 1945 मध्ये पुण्यात ते दारिद्र्यात वारले. पवळा त्यांच्या आधी, 1939 मध्ये गेली होती.

गाण्याचा पैसा कोणाच्या घामाचा, हा प्रश्न याच काळात उघडपणे पुढे आला. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देण्याची तयारी पठ्ठे बापूरावांनी दाखवली आणि अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून डॉ. आंबेडकरांनी तो नाकारला, असे सांगितले जाते. आंबेडकरी चळवळीने तमाशाची घडण टाकून दिली नाही, तिला वळण दिले. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी चालवलेल्या आंबेडकरी जलशांत स्त्रियांना नाचवणे नव्हते, शृंगार नव्हता. पाणवठा, मंदिर, शिक्षण आणि मेलेले ढोर ओढण्याचे काम सोडणे हे विषय होते. ज्या जातींच्या अंगभूत कलेवर तमाशा उभा होता त्याच जातींनी ती कला स्वतःसाठी वापरायला घेतली.

रेठऱ्याच्या कुलकर्णी वाड्याच्याच वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात, 1920 मध्ये तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. तेच अण्णा भाऊ साठे. त्यांची जात ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या जाचाखाली भरडलेली होती. शाळा जेमतेम शिवलेला हा मुलगा कुटुंबाबरोबर पायी मुंबईला आला, मिळेल ती मजुरी करून गिरणीत लागला आणि पाट्या, फलक वाचत अक्षरे शिकला. नात्यातल्या तमाशाच्या फडात त्याने गायन आणि वादन उचलले, आणि गिरणगावातल्या कम्युनिस्ट चळवळीत त्या कलेला विषय मिळाला. 1943 च्या सुमारास त्याने 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. दूरच्या रशियातल्या लढाईवरचा पोवाडा मुंबईच्या चाळीत डफावर गायला जातो आणि कामगाराला तो आपला वाटतो, यात अफझलखानाच्या पोवाड्याचीच जुनी रीत नव्या रणावर चाललेली दिसते.

1944 मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब पटेल. ते बार्शीचे होते, आणि मोटारगाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार अशी कामे करून आलेले होते. कलापथकाची मिळकत कामगारांच्या वर्गणीतून आणि सभेत फिरवलेल्या झोळीतून येई. आश्रयदाता आता श्रोत्यांतच बसलेला होता, आणि त्याला स्वतःचेच जिणे ऐकायचे होते. म्हणून अण्णा भाऊंनी गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला, शिवरायांना आणि श्रमिकांना वंदन केले आणि वगात सावकार, दलाल, पुढारी आणले.

सरकारला या गाण्यांची धास्ती वाटावी, हे त्यांच्या ताकदीचे माप आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण पुढे करून तमाशावर बंदी घातली, आणि बंदी उठली तरी संहिता आधी तपासून घेण्याची अट राहिली. अण्णा भाऊंनी तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव देऊन वाट काढली. याच वर्षांत पडद्यावर मात्र शाहिरांचे कौतुक चालू होते: 1947 मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' आणि 1951 मध्ये होनाजी बाळावरचा 'अमर भूपाळी' हे चित्रपट आले आणि सुशिक्षित प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. मेलेल्या शाहिराला मान आणि जिवंत तमासगिराला परवाना, अशी ही दुहेरी वागणूक होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरीला जे स्थान मिळाले ते पेशवाईतही मिळाले नव्हते. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही त्या काळातली छक्कड. छक्कड म्हणजे तमाशातल्या लावणीचाच एक आटोपशीर, ठसकेबाज प्रकार. मुंबईला पोट भरायला आलेल्या नवऱ्याला गावाकडे राहिलेल्या बायकोची वाटणारी ओढ तिच्यात आहे, आणि तीच ओढ पुढे महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाची होते. शृंगाराच्या लावणीचा जुना विरह स्थलांतरित मजुराच्या खऱ्या विरहावर आणि मग राजकारणावर अशा सहजतेने बसवणे हे फक्त तो मजूरपणा भोगलेल्या माणसालाच साधले असते. 1960 मध्ये राज्य झाले. पुढच्या वर्षी 'फकिरा' कादंबरीला राज्य पुरस्कार मिळाला, पण अण्णा भाऊंचे घर घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच बराच काळ राहिले. 18 जुलै 1969 रोजी ते गेले आणि सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात वारले.

पेशवाईतल्या परशरामाची वावी ज्या सिन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या देशवंडी गावी 1922 मध्ये वामनदादा कर्डक जन्मले. मुंबईत मजुरी करताना कोणी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, या शरमेतून प्रौढ वयात ते अक्षरे शिकले. 1943 मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले आणि 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गावोगाव फिरत आंबेडकरी गाणी गात राहिले. लोक देतील ते मानधन, कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम आणि पुढच्या गावची एसटी हाच त्यांचा दिनक्रम होता. त्यांचा 'वाटचाल' हा संग्रह 1973 मध्ये निघाला, पण त्यांची गाणी पुस्तकापेक्षा फार आधी आणि फार दूर पोहोचलेली होती. दुसऱ्यांनी ती गायली, कव्वालीच्या ठेक्यावर बसवली, ध्वनिफितींवर विकली. शेवटी 'वामन' आला की ऐकणाऱ्याला कर्ता कळे.

ध्वनिमुद्रणाने मात्र या शिक्क्याची जागा अडचणीत आणली. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असल्याने लांबलचक पोवाड्याची कडवी गाळणे भाग पडे, आणि वेष्टनावर ठळक नाव गायकाचे येई. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत शाहीर साबळे यांच्या आवाजामुळे घरोघरी गेले आणि 2023 मध्ये राज्यगीत झाले. त्याचे शब्द राजा बढे यांचे आणि संगीत श्रीनिवास खळे यांचे आहे, हे ते म्हणणाऱ्या कित्येकांना सांगावे लागते. ते गीतकाराचे गीत होते, शाहिराचे कवन नव्हे, म्हणून त्यात मुद्रा नाही.

1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ज्या श्रोत्याने शाहिराला पोसले होते तोच शहरातून विस्कटला. पेशव्यांचे वर्षासन, फडमालकाची उचल, तिकिटबारी, झोळी आणि ध्वनिफितीचा धंदा यांपैकी एकही आश्रय शाहिराला पुढच्या पिढीपर्यंत पुरला नाही, आणि यातल्या कुठल्याच व्यवस्थेने त्याच्या मालकीची वेगळी नोंद ठेवली नाही. जे त्याने स्वतः गाण्यात विणले तेवढेच उरले. म्हणून दर 14 एप्रिलला गल्लीतल्या व्यासपीठावर एखादा नवखा गायक वामनदादांचे गाणे म्हणतो तेव्हा तो अखेरचे कडवे गाळत नाही. तेवढे देणे त्याच्याकडे अजून बाकी असते.